मुंबई ते जिद्दा : हाजींच्या आगबोटीतले दिवस



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची ट्रंक पडलेली असेल. तिच्या झाकणावर पांढऱ्या तैलरंगाने नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि शेवटी ‘जिद्दा’ असा शब्द रंगवलेला दिसला, तर समजावे की घरातले कोणीतरी आगबोटीने हजला जाऊन आले आहे. ज्याचे नाव, त्याला ते वाचता येत असेलच असे नाही. गावातल्या मास्तरांकडून किंवा शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराकडून ते रंगवून घ्यायचे, आणि ट्रंक ओळखायची ती कडीला बांधलेल्या लाल चिंधीवरून.

आज मुंबईहून विमानात बसलेला हाजी पाच-सहा तासांत जिद्द्यास उतरतो. मुंबईहून हाजींना घेऊन जाणाऱ्या बोटी १९९५ साली बंद झाल्या. त्यामुळे आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना त्या प्रवासाची कल्पना नाही, आणि ज्यांनी तो केला ती माणसे एकेक करून आपल्यातून निघून जात आहेत. हजचे विधी आणि त्यांचे माहात्म्य सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो या लेखाचा विषय नाही. मला आपणास सांगायची आहे ती वाटेतली हकिगत. बोटीवर माणूस झोपत कुठे असे, पाणी किती मिळे, जेवण कोण रांधी, बोट लागली की काय करीत, आणि मुख्य म्हणजे परत यायला त्याच्यापाशी पैसे उरत की नाही. हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या उत्तरासाठी कोणाला तरी सोसावे लागले, कोणाला तरी ते लिहून काढावे लागले, आणि मग कुठे कायद्याचे एखादे कलम झाले.

शिडाच्या जहाजांचा काळ थोडक्यात सांगतो. तेव्हा प्रवासाचा खरा मालक वारा. मोसमी वाऱ्यांच्या हिशेबानेच जहाज सुटायचे आणि परतायचे. मोसम चुकला की वर्ष गेले. मोगलांचे मोठे बंदर सुरत. दख्खनच्या सुलतानांचे चौल आणि दाभोळ. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली सुरतेहून निघाली. निघण्यापूर्वी पोर्तुगीजांचा परवाना मिळवण्यात तिचा बराच काळ गेला, कारण समुद्रावर त्यांचा अंमल होता आणि त्यांच्या चिठ्ठीवाचून निघालेले जहाज ते लुटीत. परतताना एडनजवळ तिचे जहाज फुटले आणि ती घरी पोहोचली ती १५८२ साली. बादशहाच्या आत्याची ही गत, तर सामान्य माणसाची काय असेल याचा विचार आपणच करावा.

पुढे १६१३ साली पोर्तुगीजांनी खुद्द जहांगिराच्या आईचे ‘रहीमी’ जहाज पकडून नेले, आणि १६९५ साली हाजींना घेऊन परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्या जहाजावरील स्त्रीपुरुषांचे जे हाल झाले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आपल्या दाभोळला खाडीच्या काठी जी देखणी शाही मशीद उभी आहे, तिच्याविषयीही अशीच एक कथा सांगतात. विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन दाभोळास आली, परंतु समुद्र निर्धोक नसल्यामुळे तिला पुढे जाता आले नाही. तेव्हा प्रवासासाठी आणलेला पैसा तिने ही मशीद बांधण्यात खर्च केला. मशिदीचा काळ १६५९-६० च्या सुमाराचा सांगितला जातो. कथेतला तपशील काही का असेना, किनाऱ्यापर्यंत येऊन मागे फिरावे लागलेल्या माणसांची ती आठवण आहे एवढे खरे.

वाफेच्या बोटी आल्या आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हा हे सारे पालटले. वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. भाडे कमी झाले. ज्यांच्या सात पिढ्यांनी हजचे नाव केवळ दुआत घेतले होते असे शेतकरी, विणकर, खलाशी, विधवा बाया मुंबईच्या धक्क्यावर दिसू लागल्या. रेल्वेने उत्तरेकडून, निजामाच्या मुलखातून, आपल्या कोकणातून किनाऱ्याच्या बोटीने, आणि हिंदुस्थानच्या पलीकडून बुखारा-समरकंदकडूनही माणसे मुंबईत येत. प्रवास स्वस्त झाला, पण सुखाचा झाला असे मात्र समजू नका.

मुंबईत पाय ठेवल्याबरोबर हाजीला पहिला भेटे तो दलाल. तो गोड बोले, राहण्याची सोय करून देई, ‘बोट परवाच सुटते’ म्हणून सांगे आणि तिकिटाचे पैसे हाती घेई. बोट परवा सुटत नसे. जागा भरेपर्यंत बोटवाले तारीख पुढे ढकलीत, आणि तोवर हाजी आपल्या गाठीचे पैसे मुंबईत खाऊन बसे. तिकीट इंग्रजीत छापलेले. त्यावर लिहिलेली तारीख, बोटीचे नाव, भाडे यांतले काहीच त्याला वाचता येत नसे. सुटण्याच्या आशेने रस्त्याच्या कडेला, मशिदीच्या ओट्यावर कुटुंबेच्या कुटुंबे दिवस काढीत. पुढे दानशूर व्यक्तींनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सरकारनेही १८८० नंतरच्या वर्षांत हाजींसाठी एक संरक्षक अधिकारी नेमला आणि दलालांना परवाने घ्यायला लावले. परवाना घेतला म्हणून दलाल साधू होतो असे नाही. पण निदान त्याचे नाव कुठेतरी नोंदले गेले.

आता बोटीवर येऊ. पहिल्या वर्गाच्या मोजक्या कॅबिन सोडल्या तर बहुतेक सगळे हाजी डेकचे, म्हणजे तुतकाचे प्रवासी. वरच्या डेकखाली जो लांबरुंद मजला असे, त्यावर वळकटी पसरायची, शेजारी ट्रंक, शिध्याचे पोते, चूल, बधना. मध्ये आडोसा म्हणून एखादी चादर. जागा किती? ज्या कंपनीने जितकी माणसे कोंबली, त्यावर. १८९४ साली पॅरिसला आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा दर हाजीमागे २१ चौरस फूट जागा असावी अशी मागणी पुढे आली. एवढी जागा दिली तर भाडे वाढेल आणि गरीब हाजीला जाता येणार नाही, असे हिंदुस्थान सरकारचे म्हणणे. अखेर तडजोड झाली ती १६ चौरस फुटांवर. विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर जमिनीवर खडूने चार फूट लांब आणि चार फूट रुंद चौकोन आखा आणि त्यात आपले अंथरूण, आपली ट्रंक आणि आपण स्वतः बसतो का ते पाहा. ही सुधारणा झाल्यानंतरची जागा आहे, हे लक्षात ठेवा.

त्याच सुमारास झालेल्या करारांत आणि कायद्यांत आणखीही आकडे आहेत. दर माणसाला रोज निदान ५ लिटर पिण्याचे पाणी फुकट. दर १०० माणसांमागे निदान एक संडास. शंभरांहून अधिक हाजी असतील तर बोटीवर डॉक्टर हवा. हिंदुस्थानात १८९५ साली हाजींच्या बोटींविषयी स्वतंत्र कायदा झाला. या सर्व कलमांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक साधेसे कलम. भाडे किती, रोजचे पाणी व अन्न किती मिळायला हवे, हे हाजींच्या भाषांत लिहून तो फलक बोटीवर सहज दिसेल अशा जागी लावावा, असे करारातच म्हटलेले होते. फलक लावणे कंपनीचे काम. तो वाचणार कोण? हजारभर माणसांत वाचता येणारी फार थोडी. ज्या टोळीत असा एखादा मुलगा किंवा मुन्शी असे, त्या टोळीला आपला पाण्याचा वाटा ठाऊक असे. बाकीच्यांनी भांड्यात पडेल ते मुकाट्याने घ्यायचे.

हे कायदे सुखासुखी झाले नाहीत. त्यामागे एक पटकीची साथ होती आणि एक लाजिरवाणी घटना होती. घटना आधी सांगतो. १८८० च्या जुलैत सिंगापूरहून ‘जेद्दा’ नावाची आगबोट साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघाली. बहुतेक मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे. त्यांत बायका होत्या, मुले होती. ऐन पावसाळ्याचा समुद्र. आफ्रिकेच्या टोकाजवळ, ग्वार्डाफुईच्या भूशिराच्या बाजूस, वादळात बॉयलर जागचे हलले आणि तळाशी पाणी भरू लागले. हाजी रात्रंदिवस पाणी उपसत होते. ८ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीच्या अंधारात कप्तान, त्याची बायको आणि गोरे अधिकारी होडीत बसून बोट सोडून गेले. इतक्या माणसांना पुरतील एवढ्या होड्या बोटीवर नव्हत्याच. वाटेत दुसऱ्या जहाजाने कप्तानाला उचलून एडनला आणले. त्याने तिथे सांगितले की बोट बुडाली आणि हाजी बुडाले. ती बातमी तारेने जगभर गेली. आणि दुसऱ्याच दिवशी ‘अँटिनॉर’ नावाची बोट ‘जेद्दा’ला दोर बांधून ओढीत एडनच्या बंदरात घेऊन आली. माणसे जिवंत होती. पाणी उपशीत राहिली म्हणून बोट तरली होती.

चौकशी झाली. कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. एवढीच शिक्षा. या घटनेवरून जोसेफ कॉनरॅड याने १९०० साली ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली. आपल्यापैकी महाविद्यालयात इंग्रजी घेणाऱ्यांना ती अभ्यासाला लागत असेल. कादंबरी श्रेष्ठ आहे यात वाद नाही. तथापि तिचा सारा जीव बोट सोडून पळालेल्या त्या तरुण अधिकाऱ्याच्या मनस्तापात आहे. पाणी उपसणाऱ्यांना तीत जवळजवळ तोंडच नाही. इंग्रजी तासाला हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांना जरूर विचारावा.

दुसरी गोष्ट साथीची. १८६५ साली मक्केत पटकीने हाहाकार केला आणि ती साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. आपल्या दारात रोग आल्याबरोबर युरोपातील सरकारे जागी झाली. परिषदा भरल्या आणि त्यांतून १८८२ साली तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान नावाच्या उजाड बेटावर तुर्की सरकारने क्वारंटाइनचे ठाणे उभारले. आपले लोक त्याला ‘करंटीन’ म्हणत. हिंदुस्थानाकडून येणारी प्रत्येक हाजीची बोट आधी तिथे थांबायची. सर्वांनी सामानासकट पडावात उतरून किनाऱ्यावर जायचे, अंगावरचे कपडे उतरवून औषधाच्या पाण्याने आंघोळ करायची, आणि कपडे वाफेच्या यंत्रात घालायचे. वाफेतून निघालेली चामड्याची वहाण पुन्हा पायात जात नसे. रंगीत लुगडी एकमेकींचा रंग लावून घेत. बायकांची जी अवघडल्यासारखी स्थिती होई ती सांगायलाच नको. मग झोपड्यांत दिवस काढायचे, उन्हात, आणि त्याबद्दल वर फीसुद्धा भरायची. एखादा आजारी आढळला की मुक्काम वाढला. रोग थांबवायला हवा होता हे खरेच आहे. आणि लोकांचा संताप रोग थांबवण्यावर नव्हता, तो गुरासारखे वागवले जाण्यावर होता.

येथे एका आपल्या माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतले डॉक्टर. १८७८ साली ते हाजींबरोबर हिजाजला गेले आणि १८८२ साली जिद्द्यास ब्रिटिशांचे उपवकील म्हणून नेमले गेले. सरकारला त्यांच्याकडून इतरही बातम्या हव्या होत्या, हे उघड आहे. परंतु त्यांनी लिहिलेल्या अहवालांत हाजींची दैना भरलेली आहे. बोटीवरची गर्दी, क्वारंटाइनमधली गैरसोय आणि सर्वांत अधिक म्हणजे जिद्द्यास अडकून पडलेले कंगाल हाजी. १८९५ च्या मे महिन्यात जिद्द्याच्या वेशीबाहेर फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. जंतुनाशक यंत्रांविरुद्ध त्या दिवसांत तिथे मोठा प्रक्षोभ होता. ज्यांचे हाल त्यांनी कागदावर उतरवले, त्यांतील किती जणांना त्यांचे नावही ठाऊक असेल कोण जाणे.

अडकून पडलेल्या हाजींची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. पुष्कळ गरीब माणसे फक्त जाण्याचे तिकीट काढीत. जाताना कंपन्यांची चढाओढ असल्याने भाडे कमी पडे. परतताना जिद्द्याच्या धक्क्यावर एकदम सगळेच बोटीची वाट पाहणार, तेव्हा दर वाढे. मक्केत घरभाडे, उंट, खाणेपिणे यांत गाठीचे संपलेले. काहींचे चोरीला गेलेले. काहींना तिथेच मरण यावे असे वाटे, आणि तेही समजण्यासारखे आहे. परंतु मरण मागून येत नाही, भूक मात्र रोज येते. मग जिद्द्याच्या रस्त्यांवर हिंदुस्थानी माणसे हात पसरताना दिसत. भोपाळ आणि हैदराबाद या संस्थानांनी धर्मशाळा बांधल्या. सरकारने १८८६ साली थॉमस कुक या प्रवासी कंपनीला हाजींची व्यवस्था सोपवून पाहिली: रेल्वे आणि बोट मिळून ठरलेल्या दराचे एकच तिकीट. कल्पना चांगली होती, पण तीत तोटा येऊ लागला, तो कोणी सोसायचा यावर वाद झाला आणि १८९३ साली ती बंद पडली.

परतीच्या तिकिटाची सक्ती करावी का, हा प्रश्न मग तीस वर्षे चघळला गेला. सक्ती केली तर गरिबाचा हज थांबेल, असे म्हणणारे आपल्याच समाजात पुष्कळ होते, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. इंग्रज सरकारने धर्मात हात घालू नये असेही म्हणणारे होते. अखेर १९२५ साली कायदा झाला: परतीचे तिकीट काढा, नाहीतर परतीच्या भाड्याइतकी रक्कम अनामत ठेवा. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. ज्याच्यापाशी घरी येण्याचे भाडे नाही त्याला बोटीत चढवणे हा धर्मही नव्हे आणि दयाही नव्हे. पण ज्यांनी दोन बकऱ्या आणि बायकोच्या बांगड्या विकून जाण्यापुरते पैसे जमवले होते, आणि मुंबईच्या खिडकीशी ज्यांना ‘तेवढे पुरत नाहीत’ असे ऐकावे लागले, त्यांच्या तोंडासमोर मी हे मत इतक्या ठामपणे मांडले असते की नाही, याची मला खात्री नाही.

१९२९-३० साली सरकारने नेमलेल्या हज चौकशी समितीने हाजींच्या अडचणींची पाहणी केली. तिच्या कामातून १९३२ साली मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांसाठी हज समित्यांचा कायदा झाला. आणखी एक बदल झाला, जो कागदावर लहान दिसतो. तोपर्यंत कंपनी फक्त पाणी आणि जळण देई. रांधायचे ज्याचे त्याने. शेकडो चुली डेकवर पेटायच्या. धूर, गर्दी, भांडणे, आणि लाटेबरोबर कलंडणारी उकळती हंडी. भाजण्याचे प्रसंग येत. बोट लागलेल्या माणसाने तर रांधायचे कसे? तो उपाशीच राही. पुढे शिजवलेले जेवण तिकिटातच मिळू लागले आणि डेकवरच्या चुली गेल्या. जेवणाबद्दल कुरकुर मात्र गेली नाही. पंजाबी हाजीला रोटी हवी, बंगाल्याला भात, आपल्या कोकण्याला भाताबरोबर मासळीचे कालवण. आणि भंडारी एकच.

हा व्यवहार ज्या कंपनीच्या हाती प्रामुख्याने होता तिचा जन्म मुंबईतलाच. बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १८७७ साली निघाली. पुढे ती इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली गेली आणि १९३८ पासून ‘मोगल लाईन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३७ साली सिंधिया कंपनीने ‘अल् मदिना’ आणि ‘अल् हिंद’ या दोन बोटी हाजींसाठी आणल्या, तेव्हा दोघांत भाड्याची अशी स्पर्धा लागली की हाजींची चंगळ झाली. ती फार टिकली नाही. लढाई आली. १९४४ च्या मार्चमध्ये ‘अल् मदिना’ला बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवले, आणि त्यानंतर महिन्याभरातच, १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत जो भयंकर स्फोट झाला त्यात ‘अल् हिंद’ जळून गेली. स्वातंत्र्यानंतर मोगल लाईन सरकारी मालकीची झाली. कोकणच्या मंडळींना गंमत वाटेल, १९७० च्या दशकात आपल्या रत्नागिरी-पणजी मार्गावरच्या बोटीही याच कंपनीकडे आल्या होत्या.

या कंपन्यांच्या बोटींवर सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी म्हणून कोकणातले कितीतरी लोक होते. रत्नागिरी-कुलाब्याच्या खाड्यांवरची ही माणसे. हाजी अंथरुणाला खिळलेला असताना त्याला लिंबू आणून देणारा, ‘चाचा, वर चला, वारा खा, पायाखाली बघू नका, लांब बघा’ असे सांगणारा, बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी आजोबा असे. बोट लागण्यावर एवढाच उपाय तेव्हा होता, आणि तो अजूनही वाईट नाही.

हजचा महिना चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे प्रवास कसा होईल हे पुष्कळसे जन्मसालावर अवलंबून असे! १९७४ सालचा हज डिसेंबरात आला, समुद्र तळ्यासारखा. १९५७ सालचा आला जुलैत. म्हणजे निघायचे ते मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, आणि परतायचे उधाणात. पावसाळ्यात किनाऱ्याची बोट बंद. तेव्हा कोकणातल्या हाजीने पाऊस लागण्यापूर्वीच मुंबई गाठून ठेवायची किंवा घाट चढून मोटारीने यायचे. मुंबईत देवीचे आणि पटकीचे टोचून घ्यायचे, दाखला गळ्यात बांधायचा, कारण तो हरवला तर पुन्हा टोचून घ्यावे लागे.

शेवटच्या काळात ‘अकबर’, ‘नूरजहाँ’ अशा बोटी आठवड्याच्या आसपास जिद्द्यास पोहोचत. कामरानचे ठाणे त्यापूर्वीच इतिहासजमा झाले होते. पहिले दोन दिवस रडण्यात आणि ओकाऱ्यांत जात. तिसऱ्या दिवसापासून डेकचे गाव होई. कोण कुठला, कोणाची मुलगी कुठे दिली, अशा ओळखी निघत. ज्याला वाचता येई तो हजच्या विधींचे पुस्तक घेऊन बसे आणि त्याच्याभोवती कडे जमे. रोज लाऊडस्पीकरवरून नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगत, कारण बोट वळे तशी तीही वळे. कोणी वारले तर गुसल, कफन, जनाजा सारे रीतसर होऊन मय्यत वजन बांधून समुद्राच्या स्वाधीन करीत. बोट क्षणभर हळू होई. ज्या घरचे माणूस गेले त्या घरात कबर म्हणून दाखवायला जागा राहत नसे. आणि मग एके दिवशी बोट यलमलमच्या समोर आली की भोंगा वाजे. हाजी आंघोळ करून पांढऱ्या दोन चादरींत बाहेर येत, आणि तोवर ज्यांच्यात कॅबिनवाला आणि डेकवाला असा भेद होता ते सगळे एकाच डेकवर उभे राहून लब्बैक म्हणत. भोंग्याची ती वेळ सांगताना जुने हाजी मध्येच थांबतात.

विमाने वाढली, बोटी जुन्या झाल्या, आठवड्याचा प्रवास कोणाला नको झाला, आणि १९९५ नंतर ‘अकबर’ हाजींना घेऊन गेली नाही. २०१८ साली पुन्हा बोट सुरू करण्याची बरीच चर्चा झाली होती. बोट काही निघाली नाही.

परतीच्या बोटीचे एक दृश्य सांगून थांबतो. बोट मुंबईच्या गोदीला लागे तेव्हा फाटकाबाहेर सगळा गाव लोटलेला असे. हार, मिठाई, तान्ही पोरे. आत जकातीच्या शेडमध्ये ट्रंकांचे डोंगर. झमझमचे डबे, खजुरांच्या पेट्या, आणि एकासारखी एक शेकडो पत्र्याच्या ट्रंका. चिंध्या वाटेत गळून पडलेल्या, लाल होती की हिरवी तेही आठवत नाही. म्हाताऱ्या हाजिणी त्या ढिगाभोवती घिरट्या घालीत. अशा वेळी स्वयंसेवक म्हणून आलेली शाळकरी पोरे ढिगावर चढत आणि झाकणावरची नावे मोठ्याने वाचू लागत: नाव, बापाचे नाव, गाव, तालुका. आणि खालून कोणीतरी म्हणे, ‘बाळा, पुन्हा वाच. ती माझी.’